दहावा चिंचोका

षट्कोन काढायला एकोणीसच्या पान्याचा नट वापरला.
बियाण्याच्या कॅलेंडरची पाठ कोरी असते.
नट ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, सरकवायचा.
जून ते सप्टेंबर एवढ्या कागदावर
जर्मनीचं आभाळ मावलं.

वडकीला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान.
शनिवारी रात्री शटर अर्धं पाडून
जळक्या मोटारी भिंतीकडे सारतो
आणि आम्ही युद्ध मांडतो:
हरिदास वैरागडे कंपाउंडर, अफसर वेल्डर,
भोयर सरांची ऋतुजा, बारावी सायन्स,
आणि पौर्णिमा टेकाम, अंगणवाडीची,
पिशवीत पोरांच्या वजनाची वही तशीच घेऊन.

विमानं मी हट्टानं अशी निवडली
जी कागदावरच राहिली,
नाहीतर दोन-चारदा उडून शेडमध्ये गेली.
एकात वैमानिक मधोमध नाहीच, बाजूच्या डब्यात,
सायकलला कॅन अडकवावा तसा.
एकाला शेपूट नाही.
एकाचे पंख पुढे वळलेले,
मारक्या गोऱ्ह्याच्या शिंगांसारखे.
एक लाकडाचं, आणि त्याचा डिंक असा
की ज्याला चिकटवायचं त्यालाच खायचा.
अफसर म्हणाला, "फेविकॉल नोता काय बावा त्याईच्याकडं?"

तांब्याच्या तारेतून सांगाडे वळले,
इन्सुलेशन पेपरचे पंख.
मग आकडे. वेग नऊ. वळण तीन.
भरवसा एक.
वीस बाजूंचा फासा नागपूरलाही मिळाला नाही,
म्हणून दहा चिंचोके एका अंगानं फरशीवर घासले.
पांढरे मोजायचे.
रॉकेटच्या विमानाला उतरायला आठ लागतात.

हरिदासला सहा पडले.
टाकीत उरलेलं इंधन, घसरपट्टी, भडका.
"मेलो," म्हणाला, आणि पेरूच्या फोडीला मीठ लावलं.

पौर्णिमानं विमान उचलून उलटं धरलं.
"हे बनवलं कोनं?"
इंजिनिअर लोकांनी, मी म्हटलं.
"तसं नाई. खिये कोनं ठोकले?"

मला माहीत होतं.
डोंगराच्या पोटातले बोगदे, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे,
कैदी.
मी वाचलेल्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी,
पंखाच्या लांबीवर दीड पान.
नियम लिहिताना त्या चार ओळी मी सोडल्या.
आकडा बसत नव्हता.

"मंग रकाना पाड," ती म्हणाली.
आणि माझी वाट न पाहता
पिशवीतून दंडाचा घेर मोजायची पट्टी काढली,
हिरवी, पिवळी, लाल,
ती पट्टी म्हणून धरून
भरवशाच्या शेजारी एक उभी रेघ मारली.
वर लिहिलं: हात.

त्या रात्री खेळ झाला नाही. नुसतं भांडण.
हरिदास म्हणे, गंमत आहे, गंमत राहू द्या.
मी गप्प. मला एक गोष्ट ठाऊक होती,
ती कधी कोणाला सांगितली नव्हती:
कॉइलच्या तारेला नखाएवढा ओरखडा राहिला
तरी मोटार चालते.
महिनाभर गुणी बैलासारखी चालते.
मग एका दुपारी ओलित चालू असताना जळते,
आणि हात कुणाचा, ते तांब्यावर लिहिलेलं नसतं.

मी तेवढंच बोललो.
ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली.

आता नियम असा:
उड्डाणाआधी बोगद्यातली पाळी खेळायची.
काळे जितके पडतील तितके स्क्रू
कुणीतरी दिसताना घट्ट, आतून सैल ठेवलेत.
भरवसा तिथून ठरतो.
वैमानिकाला ते सांगायचं नाही.

ऋतुजानं विमान परत केलं.
"मी खालीच राहते," म्हणाली.
तिनं स्वतःला नाव घेतलं नाही, फक्त एक नंबर,
आणि भूक: दोन.

परवा हरिदासचं लाकडी विमान
बरोबर आठच्या आशेवर खाली येत होतं.
त्यानं मूठ हलवली, फुंकर मारली, टाकले.
सात पांढरे, दोन काळे.
"नऊच?" अफसर वाकला,
पाच अश्वशक्तीच्या मोटारीखाली हात घातला,
चटई झटकली, पेरूची ताटली उचलून पाहिली.

ऋतुजा चपला घालत होती.
एक मूठ मिटलेली.
पौर्णिमानं ते पाहिलं,
आणि वजनाची वही पिशवीत टाकून
शटर वर करायला उठली.